चांगुणाआजीचा ताग

डोळखांबच्या वरच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथं पौषात कधी गेलात तर भातखाचरं पिवळीधमक दिसतील. कुणालाही विचारा, हे काय फुललंय? तो सांगेल, "आजीचा ताग." शेंबडं पोर तेच सांगेल आणि सरपंचही तेच सांगेल. आजीचा ताग!

अहो, ताग आजीचा नव्हे. ताग माझा. बियाण्याची पहिली पिशवी मोटारसायकलच्या टाकीवर आवळून त्या चढावर कोणी नेली? मी. वीस वर्षं घसा कोरडा करून कोणी सांगितलं? मी. आणि नाव कोणाचं झालं? तर जिला स्वतःच्या सातबाऱ्यावर सही करता येत नव्हती, त्या चांगुणाआजीचं. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. आजी जाऊन दोन पावसाळे झाले, मी अजून करतो. करणार.

मी कृषी सहायक होतो. राहायला शहापुरात, मूळचा मुरबाडचा. माझ्याकडे डोंगराकडचे सात-आठ पाडे होते. आमच्या भागात दिवाळीच्या सुमाराला भात निघतं आणि मग जूनपर्यंत जमीन उघडी पडून राहते. ऊन खाते, भेगाळते, वारा वरची माती घेऊन जातो. त्यावर उपाय सोपा आहे. भात कापायच्या चार दिवस आधी उभ्या भातात तागाचं बी फेकायचं. जमिनीत ओल असतेच. भात निघालं की खालून ताग उठतो, जमीन झाकतो. दीड-दोन महिन्यांत फुलावर आला की कापून तिथंच पसरायचा. तो कुजतो, पुढच्या भाताला खत मिळतं. खर्च म्हणाल तर मूठभर बियाण्याचा. एवढी साधी गोष्ट मी वीस वर्षांत एका माणसाच्या गळी उतरवू शकलो नव्हतो.

आजीची आणि माझी पहिली गाठ शाळेच्या पडवीत पडली. मी पडदा लावून चित्रं दाखवत होतो. परदेशात थंडीच्या दिवसांत जमीन झाकायला राय नावाचं धान्य पेरतात, त्याची हिरवीगार शेतं. मी रंगात येऊन बोलत होतो. मागच्या भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. काटकुळी, काष्ट्याचं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, मिश्रीने काळे झालेले चारच दात. तिने हात वर केला.

"साहेब, ही राय खायाला कशी लागते?"

"आजी, खायची नसते. गाडायची असते."

"फुलावर आल्यावर?"

"हो, फुलावर आल्यावरच."

मग आजी शांतपणे म्हणाली, "पोटुशीला कोनी गाडतंय का रं बाबा?" आणि उठून गेली. तिच्यामागे सगळ्या बाया उठल्या, बायांमागे पुरुष. मी आणि पडदा, आम्ही दोघेच उरलो. त्या पाड्यात भात पोटरीला आलं, कणीस पोटात धरलं, की बांधावरून मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण ते तागालाही लागू असेल, हे माझ्या डोक्यात कुठून येणार? प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी मी बी वाटायचो आणि दरवर्षी ते कोंबड्यांच्या पोटात जायचं. शेतात मी पत्र्याच्या पाट्या लावायचो, 'प्रात्यक्षिक प्लॉट' म्हणून. पुढच्या फेरीला पाटी खुराड्याचं दार झालेली असायची. त्या पाड्यात माझ्या खात्याने सगळ्यात मोठं काम केलं असेल तर ते कोंबड्या मुंगसापासून वाचवण्याचं.

आजीच्या घरी गेलं की तिचं एक ठरलेलं होतं. "आधी घास, मग गोष्ट." काही सांगायला तोंड उघडलं की ती भाकरी पुढे करायची. मी म्हणायचो, "नको आजी, डबा आहे." मग ती मान हलवायची आणि माझं बोलणं ऐकून घ्यायची, पण कसं, तर शेजारणीचं तान्हं रडत असताना आपण ऐकतो तसं. दुसरी गोष्ट म्हणजे, तिने मला कधीही नाव विचारलं नाही. 'तागवाले साहेब' म्हणायची. बोहारीण, कल्हईवाला, तसा मी तागवाला. पाड्यात सोलरचा दिवा बसवायला आलेलं कालचं पोर, त्याला ती "ए संतोष" म्हणून हाक मारायची. मला लागायचं. का नाही लागणार? मी त्या पाड्यात त्या संतोषच्या जन्माआधीपासून येत होतो.

एका पौषात फेरीला गेलो आणि वळणावर गाडी थांबवली. आजीचं दहा गुंठ्यांचं खाचर पिवळंजर्द झालं होतं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. माझा ताग! वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उगवू दिला होता. मी धावतच खाली उतरलो, आणि बघतो तर काय, पाड्यातल्या सात-आठ बाया टोपल्या घेऊन शेतात शिरलेल्या, पटापट फुलं खुडतायत. मधोमध आजी.

"अहो, फुलं काय खुडताय! फोटो काढायचाय मला! प्लॉटचा सत्यानाश केलात!"

"वरडता कशाला साहेब? भाजी हाय ती."

"कसली भाजी?"

"तागाची. माज्या आईकडं करायचे. तुमी पडद्यावर दाखवलात ती राय खाता नाय येत, पन ताग खाता येतो. मला उशिरानं आठवला."

त्या दिवशी तिच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं. फुलं आणि कळ्या उकडून पिळलेल्या, हरभऱ्याची डाळ, लसूण, हिरवी मिरची. पाड्यातलं घरटी एकेक माणूस भाकरी घेऊन आलं आणि भाजी खाऊन गेलं. मला ताट वाढलं होतं. मी म्हणालो, "डबा आहे." आंब्याखाली बसून मी माझा पोळी-बटाटा खाल्ला.

सगळ्यांचं खाऊन झालं तशी आजी उठली, हात धुतला आणि बाप्यांना म्हणाली, "तागानी आपल्याला घास घातला. आता उरला तो भुईचा वाटा. घ्या कोयते." आणि जे काम मी वीस वर्षं पाप म्हणून ऐकत होतो, ते तासाभरात झालं. पिकाने आधी माणसाला खाऊ घातलं, म्हणजे त्याचा जन्म फुकट गेला नाही. मग ते आडवं करायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही. मी बांधावर उभा होतो. खरं म्हणजे मी नाचायला हवं होतं. पण मी बांधावरचं गवत उपटत राहिलो. ही एवढीशी गोष्ट! मला का नाही सुचली? मी कृषी पदविकेला पहिल्या वर्गात पास झालेला माणूस, आणि भाजीवर हरलो?

मोकाट गुरांचं असंच. भात निघालं की आमच्याकडे गुरं सोडतात, मग बांध कुणाचा आणि शेत कुणाचं. मी तारेच्या कुंपणाची योजना सांगत फिरायचो, अर्जाचे नमुने वाटायचो. आजीने काय केलं? पाड्याचा गुराखी गोमा, त्याला दुपारची भाकरी आपल्याकडे लावली. बांधालगतचा ताग मुद्दाम बी धरेपर्यंत वाढू दिला, सोलून त्याची गुरं बांधायची दावी वळली आणि गोम्याला दिली. झालं कुंपण. गोम्या गुरं घेऊन दुसऱ्या उतारावर जायला लागला. मी विचारलं तर म्हणतो, "आजीच्या शेतात कशी घालू? तिचं खातो मी."

पुढच्या वर्षी पाच घरांनी ताग टाकला. त्याच्या पुढच्या वर्षी अख्ख्या पाड्याने. आणि मग ते भलतंच सुरू झालं. माझं बी मिळायचं म्हणजे अर्ज, सातबारा, आधार, बियाण्याची पिशवी हातात धरून फोटो. आजीचं बी ओटीतून जायचं. पाड्यातली लेक सासरी निघाली की आजी तिच्या ओटीत तांदळाबरोबर मूठभर ताग टाकायची आणि कानात सांगायची, "आधी भाजी कर, सासूला घाल, मग शेताचा इषय काढ." अशी ती मूठ कुठे कुठे गेली असेल! एक दिवस मुरबाडहून माझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "अरे, आमच्या इकडच्या दोन गावांत बायकांनी ताग टाकलाय. 'आजीचा ताग' म्हणतात. तुमच्या बाजूने आलंय म्हणे. ही आजी कोण?"

मी म्हणालो, "काय की बाबा, मला नाही माहीत."

हो, असं म्हणालो. माझ्याच गावाकडे, माझ्याच मुरबाडात, माझा ताग तिचं नाव लावून गेला होता. त्या रात्री मी नीट जेवलो नाही. आमची सुलभा ताट उचलता उचलता म्हणाली, "एवढं काय झालंय तोंड पाडायला? सवत आल्यासारखे वागताय."

"तुला नाही कळायचं."

"न कळायला काय झालं? म्हातारीवर जळताय तुम्ही."

बायकोला सगळं कळतं. त्यामुळे राग आणखी येतो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना वरून निरोप आला, की मोठे साहेब तागाची शेतं बघायला येणार. माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी मोठा माणूस माझं काम बघायला आला नव्हता. मला बढती नको होती, पैसे नको होते. एकच कागद हवा होता, त्यावर माझं नाव आणि खाली दोन ओळी, की हे याने केलं. तेवढा कागद फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचा, एवढीच हाव होती. म्हणून मी जे केलं ते केलं. शहापुरातल्या पेंटरकडून नवी पाटी करून घेतली. 'ताग आच्छादन पीक. मार्गदर्शक:' आणि पुढे माझं नाव, वीतभर अक्षरांत. आजीचं नाव कुठेच नाही. पेंटरने विचारलं, "शेतकऱ्याचं नाव खाली टाकू का?" मी म्हणालो, "जागा नाही." जागा होती. चांगली दोन ओळींची होती.

पाटी मी आजीच्याच शेतात ठोकली. ती बाजूला उभी राहून बघत होती. "साहेब, लई जाड पत्रा आनलात ह्या टायमाला," म्हणाली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

साहेब आले. तरुण होते, बूट काढून बांधावर उतरले. पाटी वाचली, माझ्याकडे बघून हसले, "छान काम केलंत." माझी छाती फुगली. मग त्यांनी जमलेल्या बायांना विचारलं, "तुम्हाला हे तागाचं कोणी शिकवलं?" सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. साहेब आजीकडे वळले.

"आजी, तुम्ही शिकवलंत?"

"नाय वो. ह्या साहेबांनीच सांगितला. वीस वर्सां सांगत व्हते."

मला वाटलं, वाचलो. तिचे पाय धरावेत असंही क्षणभर वाटलं. पण साहेबांना राहवलं नाही. "मग एवढी वर्षं का नाही पेरलात?"

आजीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, खोच नव्हती. विचारलं म्हणून सांगायचं, इतकंच.

"सांगितला खरा, पन ऐकनार कसा? ते कवा आमच्यात जेवलेच नाय."

कोणी हसलं नाही. एक बाई उगाच पदर नीट करू लागली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मग ते सरळ आजीच्या अंगणात जाऊन बसले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर बोटं चाटली. पाटलासारखी मांडी घालून बसलेला तो तिशीतला पोरगा, पहिल्याच दिवशी आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझा डबा मोटारसायकलच्या हँडलला लटकत होता. मला त्या दिवशी त्या पोराचाही हेवा वाटला, आजीचाही वाटला, भाकरीचासुद्धा वाटला.

आता खरं सांगतो. मी स्वतःला सांगायचो, गरीब माणसं आहेत, त्यांच्या घासात वाटेकरी कशाला व्हायचं? चांगलं वाटायचं ऐकायला. पण ते खरं नव्हतं. माझ्या आईने लहानपणापासून सांगितलं होतं, डोंगराकडे गेलास तर कुणाकडे काही खाऊ-पिऊ नकोस. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आई गेली, पण डबा राहिला. पाण्याची बाटलीसुद्धा मी घरून न्यायचो. वीस वर्षांत त्या पाड्याला हे दिसलं नसेल? त्यांना सगळं दिसत होतं. फक्त त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि माझं बी कोंबड्यांना घातलं.

कागद काही आला नाही. मी मागितलाही नाही. दोन वर्षांनी निवृत्त झालो, शाल-नारळ मिळाला. पुढच्या पौषात घरात बसून बसून मला चैन पडेना. सुलभा म्हणाली, "जाऊन या तुमच्या सवतीकडे." तिने सवयीने डबा भरून दिला, मी सवयीने तो हँडलला अडकवला.

वळणावरून खाली बघितलं तर उतार सगळा पिवळा. आजी खाचरात बसून फुलं खुडत होती. आणखी वाळली होती, उभं राहून खुडणं होत नव्हतं. बसल्या बसल्या पुढे सरकायची. तिच्या घराशी माझी ती जाड पत्र्याची पाटी होती. खुराड्याला लावलेली, आडवी. कोंबड्या माझ्या नावावरून आत-बाहेर करत होत्या. रागवायला गेलो आणि हसूच आलं.

डबा आंब्याखाली ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. "आजी, जेवायला आलोय."

तिने वर बघितलं. कपाळावर हात धरून, उन्हात डोळे बारीक करून, चांगलं न्याहाळून बघितलं. "मंग उभा का? खूड फुला."

तासभर खुडत होतो. कंबर मोडली. वीस वर्षं तागावर भाषणं दिली, पण त्याच्या फुलाला हात पहिल्यांदाच लावत होतो. फुलाचा देठ कसा धरायचा, तेही तिनेच दाखवलं. मग अंगणात बसलो. नाचणीची भाकरी, वर भाजी, बाजूला कांदा. तांब्यातलं पाणी प्यायलो. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कशी लागते?"

"थोडी कडसर आहे."

"कडसरच असते," ती म्हणाली. मग हात पुसत तिने विचारलं, "नाव काय रे तुजा?"

मी घास तसाच हातात धरून बसलो. "पंचवीस-सव्वीस वर्षं येतोय आजी, आज विचारतेस?"

"जेवल्याबिगर कसा इचारायचा? आमच्यात नाय इचारत. न जेवता गेलेल्या मानसाचा नाव घरात ठेवून काय करायचा?"

"मनोहर," मी म्हणालो.

"मनोहर," ती म्हणाली, आणि आणखी एक भाकरी वाढली.

तो सोलरवाला संतोष पहिल्याच दिवशी तिच्याकडे जेवला असणार, हे मला तेव्हा कळलं.

निघालो तेव्हा ऊन कललं होतं. चढावर गाडीला किक मारत होतो, एवढ्यात खालून हाक आली. आजी खाचराच्या बांधावर उभी होती, एका हाताने काठी धरून, दुसरा हात उंच. त्या हातात माझा डबा होता, न उघडलेला.

"ए मनोहर! डबा इसारलास!"

दोन घरांतून बाया बाहेर आल्या, कोण मनोहर ते बघायला. गोम्यानेही वळून पाहिलं. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण मी गाडीवर तसाच पाठ करून बसून राहिलो, काही ऐकलंच नाही असा. तिने आणखी दोनदा नाव घेऊन हाक मारली.